जिथे जू बसतं तिथेच तूप: छोट्या व्यवसायात कामाची दखल घ्यायला सुरुवात कशी करावी

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्या विदर्भात बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर ज्या जागेवर जू बसतं, नेमकी तीच जागा धरून तिथे हळद आणि तूप चोळतात आणि बैलाला म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी बैल घरोघरी ओवाळायला घेऊन येणाऱ्या गड्याला बोजारा, म्हणजे ओवाळणीचे पैसे, मिळतो. शिंगं रंगवणं, झूल, बाशिंग हे सगळं नंतरचं. सुरुवात होते ती जिथे वर्षभर भार पडला त्या जागेपासून. माझी नागपूरच्या महाल भागात छोटी ऑफसेट प्रेस, म्हणजे छापखाना, आहे, अकरा माणसं कामाला आहेत. त्यांच्या कामाची दखल घ्यायला शिकताना मला सगळ्यात जास्त उपयोग या रीतीचा झाला.

शिकावं का लागलं तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी ऐन लग्नसराईत, रात्री नऊच्या पुढे, आमच्या मशीनमनने चालू मशीन थांबवलं. पत्रिकेवरची तारीख सोमवारी येत होती आणि वार छापला जात होता रविवार. प्रूफवर ग्राहकाची सही होती. संगणकावर मजकूर लावणाऱ्या डीटीपीवाल्याने पाहिलं होतं, मी पाहिलं होतं. लक्षात आलं ते फक्त त्याच्या. बाराशे पत्रिका वाचल्या आणि एका घराची फजितीही वाचली. मी म्हणालो, "बरं, प्लेट बदलून घे," आणि हिशेबाला बसलो. दिवाळीनंतर तो बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या कामावर गेला. निघताना कारण विचारलं तर म्हणाला, "पगाराचं काही नाही जी भाऊ. येथं आपण असलो काय नि नसलो काय, सारखंच वाटते." तेव्हा मला ती पत्रिका आठवली.

पुढे लिहिलंय ते पाच ते पंचवीस माणसांच्या धंद्यासाठी आहे. दुकान, वर्कशॉप, दवाखाना, खानावळ, छोटं ऑफिस, काहीही असो. एक दोनशे पानी वही आणि दिवसाची दहा मिनिटं, एवढं भांडवल पुरतं.

पहिली पायरी: आधी देणं चुकतं करा

पगार ठरल्या तारखेला होत नसेल तर हा लेख इथेच बाजूला ठेवा आणि आधी ते करा. थकलेल्या पगारावर शाबासकी दिली की माणसाला ती फसवणूक वाटते, आणि त्याचं वाटणं बरोबर असतं. ओव्हरटाइमचा हिशेब लेखी ठेवा; कायद्याने तो दुप्पट दराने द्यायचा असतो. साप्ताहिक सुट्टी फोन करून मोडू नका. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांच्या वर जातो. त्या दिवसांत वर्कशॉपमधला कूलर चालतो की नाही, माठात गार पाणी आहे की नाही, हे मालकाने स्वतः पाहिलं पाहिजे. पत्र्याच्या शेडखाली घामाने भिजलेल्या माणसाला सर्टिफिकेटचं काय कौतुक!

यामागचं कारण फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या अभ्यासातून चांगलं कळतं. पिट्सबर्ग भागातल्या सुमारे दोनशे इंजिनिअर आणि हिशेबनिसांना त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी विचारलं, कामावर सगळ्यात छान कधी वाटलं आणि सगळ्यात वाईट कधी? अभ्यास 1959 साली प्रसिद्ध झाला. वाईट वाटलं त्या प्रसंगांमध्ये कंपनीचे नियम, देखरेखीची पद्धत, पगार, कामाची जागा अशा गोष्टी जास्त आल्या. छान वाटलं त्यांत काम फत्ते झाल्याचा आनंद, कोणीतरी घेतलेली दखल, अंगावर आलेली जबाबदारी अशा गोष्टी. दोन्हींची खाती वेगळी आहेत. पहिल्या खात्यातली उधारी दुसऱ्या खात्यातून फिटत नाही, आणि पहिलं खातं चोख असलं म्हणून दुसरं आपोआप भरतही नाही. माझ्या मशीनमनचा पगार कधीच थकला नव्हता.

बोनसबद्दलही इथेच सांगतो, कारण बरेच मालक त्याची गल्लत करतात. 20 किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना पात्र कामगारांना कायद्याने किमान 8.33 टक्के बोनस द्यावाच लागतो. कमाल मर्यादा 20 टक्के आहे. तो कामगाराचा हक्क आहे. तुमची माणसं वीसपेक्षा कमी असली आणि तुम्ही आपखुशीने देत असलात, तरी चार दिवाळ्या दिल्यावर तो घराच्या हिशेबात धरलेला असतो. तो देताना "तुझ्या कामावर खूश आहे म्हणून" असं म्हणू नका. मिठाईचा डबा आणि कपडेसुद्धा सगळ्यांना सारखेच द्या. तो सणाचा मान आहे, त्यात कमी-जास्त करायचं नसतं.

दुसरी पायरी: पंधरा दिवस फक्त पाहा आणि लिहा

इथे घाई केलीत तर पुढचं सगळं पोकळ होतं. पहिले पंधरा दिवस कोणाचं कौतुक करायला जाऊ नका. वही घ्या, प्रत्येकाच्या नावाला दोन-दोन पानं द्या, आणि रोज दुकान बंद करताना एक प्रश्न स्वतःला विचारा: आज कोणी काय केलं, जे केलं नसतं तर कुठेतरी अडलं असतं?

माझ्या वहीतल्या काही जुन्या नोंदी अशा आहेत:

"कटिंगवाले काका. ब्लेड बोथट झाल्याचं सकाळीच सांगितलं, स्वतः बदलून घेतलं. दोन रीम कागद खराब होण्यापासून वाचला."

"बाइंडिंगच्या ताई. 500 बिलबुकांत 38 नंबरचं पान उलटं लागत होतं, चौथ्याच बुकात धरलं."

"डिलिव्हरीचा मुलगा. वाडीच्या गोदामवाल्यांनी पावती घ्यायला नकार दिला, तरी हा तासभर थांबला, सही-शिक्का घेऊनच आला."

नोंद एवढीच. "मेहनती आहे", "स्वभाव चांगला" असं लिहिलंत तर ती ओळ खोडा. त्यातून माणूस कळतो, काम कळत नाही.

चार-पाच दिवसांत एक गोष्ट लक्षात येईल: काही पानं भरभर भरतात आणि काही कोरी राहतात. कोरी पानं बहुधा झाडझूड करणाऱ्या मावशींची, हेल्परची, रात्रपाळीच्या माणसाची किंवा हिशेब लिहिणाऱ्याची असतात. ही माणसं काम करत नाहीत असं नसतं. त्यांचं काम बिघडलं तरच आपल्याला दिसतं, अशी ती कामं आहेत. त्यासाठी मी एक उपाय केला, तुम्हीही करून पाहा. ज्याचं पान कोरं आहे त्याच्या शेजारी अर्धा तास उभे राहा. बोलू नका, सूचना देऊ नका. आमच्या हेल्परच्या शेजारी उभा राहिलो तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तो रोज गठ्ठा मशीनवर चढवण्याआधी कागद पंख्यासारखा फुलवून मोकळा करतो. तेही त्याला कोणी न सांगता. मशीनमध्ये दुहेरी कागद जात नाही, त्याचं अर्धं श्रेय या मुलाचं होतं, आणि मी इतकी वर्षं ते मशीनला देत होतो.

तिसरी पायरी: नाव घेऊन, नेमकं, त्याच दिवशी

आता बोला. बोलण्यात चार गोष्टी आल्या पाहिजेत: नाव, काय केलं, कधी केलं, आणि त्याने काय वाचलं किंवा साधलं.

"वा, मस्त काम चाललंय सगळ्यांचं!" हे कोणाच्याच पदरात पडत नाही. त्याऐवजी: "काका, काल तुम्ही ब्लेडचं सकाळीच सांगितलं ना, त्यामुळे दोन रीम आर्ट पेपर वाचला. संध्याकाळचं काम वेळेवर गेलं." एवढं म्हणायला पंधरा सेकंद लागतात. काकांनी त्यावर फक्त "हाव जी" म्हटलं आणि कामाला लागले. मोठा प्रतिसाद मिळेल अशी वाट पाहू नका. आपल्याकडे पन्नाशीच्या माणसाला तोंडावर कौतुक ऐकायची सवय नसते, तो खाली पाहतो किंवा विषय बदलतो. सांगून झालं की तुम्हीही पुढे चला.

सांगायला उशीर करू नका. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या सकाळी. महिन्याभराने सांगितलेलं कौतुक माणसाला आठवत नाही, आणि आठवलंच तर "तेव्हा का नाही बोलले?" असा प्रश्न पडतो.

भाषेचाही विचार करा. आमच्याकडे दोघं छिंदवाडा आणि बालाघाटकडचे आहेत. त्यांच्याशी मी हिंदीतच बोलतो. डीटीपीची मुलगी पुण्याला शिकून आलेली, तिच्याशी वेगळं. काकांना "काका, तुम्ही" आणि हेल्परला "बेटा, तू". ज्याला रोज ज्या नावाने हाक मारता त्याच नावाने कौतुक करा. एरवी "अबे" आणि शाबासकीच्या वेळी "श्रीमान" केलंत तर ते नाटक वाटतं.

चारचौघांत सांगायचं की एकट्याला, हे माणसागणिक बदलतं. काहींना सगळ्यांसमोर नाव घेतलं की आनंद होतो. काही जण लाजून अर्धे होतात, किंवा नंतर बाकीचे चिडवतील याची त्यांना धास्ती असते. सरळ विचारा: "हे मी शनिवारी सगळ्यांसमोर सांगितलं तर चालेल का?" विचारण्यातही मान आहे.

आणि एक शब्द टाळा: "पण". "काम छान झालं, पण जरा लवकर झालं असतं तर..." यातलं पहिलं वाक्य ऐकणाऱ्यापर्यंत पोचतच नाही. चूक सांगायची असेल तर वेगळ्या वेळी, केबिनमध्ये, एकट्याला सांगा. मला ही सवय मोडायला वर्ष लागलं.

बायकांच्या बाबतीत एक विनंती. बाइंडिंगमध्ये आमच्याकडे तीन ताई आहेत. "घर सांभाळून एवढं करता!" हे मी आधी कौतुक म्हणून म्हणत असे. एकदा त्यांच्यापैकी एक शांतपणे म्हणाल्या, "घराचं जाऊ द्या भाऊ, बुकं कशी झाली ते सांगा." तेव्हापासून मी पिनिंग, गॅदरिंग, पानांचा क्रम यांबद्दलच बोलतो.

चौथी पायरी: शनिवारची दहा मिनिटं

एकट्या मालकाने पाहून किती पाहणार? म्हणून आठवड्यातून एकदा माणसांनी एकमेकांबद्दल बोलावं अशी जागा तयार करा. आमच्याकडे शनिवारी साडेदहाला तर्री पोहे येतात. मशीन थांबतात, सगळे बाइंडिंगच्या टेबलाभोवती उभे राहतात. मी एकच प्रश्न विचारतो: "या आठवड्यात तुम्हाला कोणाची मदत झाली?"

पहिले दोन-तीन शनिवार कोणी बोलणार नाही. पोहे खातील, तर्री तिखट झाल्याचं म्हणतील आणि जातील. जाऊ द्या. तुम्ही वहीतलं एक उदाहरण सांगा आणि थांबा. आमच्याकडे चौथ्या शनिवारी डीटीपीची मुलगी बोलली. कटिंगवाल्या काकांनी तिला मार्जिन किती सोडायचं ते कागद कापून दाखवलं होतं. त्यानंतर काका पुढच्या आठवड्यात तिच्याबद्दल बोलले, आणि गाडी रुळावर आली.

तीन नियम मात्र पाळा. बोलायची सक्ती कोणावरही नाही. या दहा मिनिटांत कामाच्या सूचना, टार्गेट, उशिरा येण्याबद्दलची तक्रार काही म्हणजे काही काढायचं नाही. आणि ही दहा मिनिटं पगारी वेळेतली हवीत, सुट्टी झाल्यावर थांबवून घेतलेली नकोत.

पाचवी पायरी: पैसे आणि वस्तू, बेताने

इथे नवे मालक सगळ्यात जास्त अडखळतात, मीही अडखळलो होतो. मी "महिन्याचा उत्तम कामगार" असा फलक लावला, फोटो आणि पाचशे रुपये. पहिल्या महिन्यात उत्साह होता. दुसऱ्या महिन्यात कुजबुज सुरू झाली. चौथ्या महिन्यापर्यंत मी आळीपाळीने नावं लावू लागलो होतो, म्हणजे फलकाला काही अर्थच उरला नव्हता. अकरा माणसांत एकाला वर काढलं की दहा जण खाली राहतात, आणि छपाई तर साखळीचं काम आहे. एका पत्रिकेला सहा हात लागतात. फलक काढला.

बक्षिसाचं आधी आमिष दाखवलं की काय होतं, याचा एक सुंदर प्रयोग 1973 साली प्रसिद्ध झाला. मार्क लेपर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी चित्रं काढायची मुळातच आवड असलेली बालवाडीतली मुलं घेतली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. नंतर मोकळ्या वेळात तीच मुलं चित्रांकडे कमी वळू लागली. ज्यांना प्रमाणपत्र न सांगता अचानक मिळालं, त्यांची आवड मात्र तशीच राहिली. मोठ्यांच्या कामाला हे जसंच्या तसं लागू होईल असं मी म्हणत नाही, पण माझ्या प्रेसमध्ये मला तोच कल दिसला.

म्हणून आता मी जाहीर स्पर्धा ठेवत नाही. काही विशेष घडलं की नंतर, न सांगता, छोटंसं काहीतरी देतो, आणि ते त्या माणसाच्या उपयोगाचं असतं. डिलिव्हरीच्या मुलाला पावसाळ्याच्या तोंडावर चांगला रेनकोट. रात्री बारापर्यंत थांबलेल्या मशीनमनला दुसऱ्या दिवशी अर्धी सुट्टी, पगारी. मुलीची दहावी असलेल्या ताईंना परीक्षेच्या आठवड्यात लवकर जायची मुभा. रोख द्यायची असेल तर पाकिटावर चार ओळी हाताने लिहा, कशासाठी ते. पैसे खर्च होतात, पाकीट मी लोकांच्या पेटीत जपून ठेवलेलं पाहिलंय. शनिवारच्या पोह्यांसकट माझा सगळा खर्च महिन्याला तीन हजारांच्या आत बसतो. आकडा ठरवून ठेवा आणि तेवढ्यातच राहा, म्हणजे मंदीच्या महिन्यात हात आखडावा लागत नाही.

सणांचं भान ठेवा. माझ्या माणसांपैकी चौघं अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर जातात. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी इथेच धम्मदीक्षा दिली, त्यांच्यासाठी तो दिवस मोठा आहे. त्यांना सुट्टीसाठी हात पसरावा लागू नये, म्हणून ती मी वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडरवर छापून टाकतो. ईद, छठ, ज्याचं जे असेल ते त्याच कॅलेंडरवर येतं.

सहावी पायरी: काम हाती द्या

बोलणं आणि पाकीट यांच्यापुढची दखल म्हणजे विश्वास. माझ्या मते सगळ्यात खोल जाते ती हीच, आणि मालकाला सगळ्यात जड जाते तीही हीच.

आमच्याकडे आता प्रत्येक जॉब कार्डवर छपाई, कटिंग, बाइंडिंग ज्याने केलं त्याचं नाव लिहिलं जातं. ग्राहक माल घ्यायला आला आणि खूश झाला की मी त्याला आत नेतो आणि सांगतो, "हे यांनी केलंय." जो चुका धरतो त्याला प्रूफवर शेवटची सही करायचा अधिकार दिला. त्याने "थांबा" म्हटलं की मशीन थांबतं, मी म्हटलं तरी सुरू होत नाही. जबाबदारी वाढवली तर पगारही वाढवा, नाहीतर ते फक्त ओझं होतं.

दसऱ्याला मशीनची पूजा होते. आधी नारळ मी फोडायचो, माझ्या आधी वडील. आता त्या मशीनवर जो उभा राहतो तो फोडतो. पहिल्या वर्षी आमच्या नव्या मशीनमनने नारळ हातात धरून दोनदा विचारलं, "मी फोडू का भाऊ? खरंच?" त्याच्या घरचे सगळे पाहायला आले होते. एक रुपयाही जास्तीचा लागला नाही.

सातवी पायरी: महिन्याच्या शेवटी वही उलटून पाहा

शेवटच्या दिवशी वही काढा आणि मोजा. कोणाचं नाव किती वेळा आलं? पुतण्या, मेहुणा, जुना मित्र यांची पानं भरली असतील आणि हेल्परचं कोरं असेल, तर पक्षपात तुमच्या नकळत सुरू झालेला आहे. बाकीच्यांना तो तुमच्या आधी कळलेला असतो. नातेवाईक कामाला असतील तर त्यांचं कौतुक करताना दुप्पट नेमके राहा.

फरक पडतोय का, हे कळायला पत्रकं वाटू नका. तीन गोष्टींवर लक्ष ठेवा. माणसं आपली चूक स्वतःहून, लवकर सांगतात का? रजा आदल्या दिवशी सांगतात की सकाळी फोन बंद असतो? आणि तुम्ही बाहेरगावी असताना एकमेकांचं अडलेलं काम उचलतात का? मला पहिला बदल दिसायला जवळपास तीन महिने लागले, आणि तो वाया जाणाऱ्या कागदात दिसला. रजिस्टर, म्हणजे रंगांची जुळणी, हलल्याचं मशीनमन आता पन्नासाव्या शीटलाच सांगतो, पूर्वी कळायला पाचशे जायची.

कोणी सोडून जात असेल तेव्हाही

छोट्या धंद्यातून माणसं जातातच. बुटीबोरी, हिंगणा, पुणे, जिथे दोन पैसे जास्त तिथे जाणार, त्यात राग धरण्यासारखं काही नाही. शेवटच्या दिवशी त्याचा हिशेब हातात द्या, लेटरहेडवर अनुभवाचा दाखला द्या, आणि "कामगार प्रामाणिक होता" या ठरीव ओळीच्या जागी वहीतल्या दोन-तीन नोंदी त्यात लिहा. नव्या मालकाला त्यातून त्याचं काम कळतं.

त्या जुन्या मशीनमनला मी असा दाखला गेल्या वर्षी दिला, उशिरा. त्यात बाराशे पत्रिकांचं आणि रविवार-सोमवारचं लिहिलं. त्याने तो उभ्याउभ्याच वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाला, "तुमच्या ध्यानात होतं व्हय जी?" मग आत जाऊन त्याने नव्या मुलाला त्या मशीनचा तिसरा रोलर कुठे दगा देतो ते दाखवलं.